डोळ्यांचा रकाना

आमच्या मामांसमोर बसून जेवायचं म्हणजे एक परीक्षाच असायची. ते तुमच्या ताटाकडे बघत नसत, तुम्ही किती वाढून घेतलंत त्याकडेही नाही. ते बघत तुमच्या डोळ्यांकडे. घास तोंडाजवळ आला की त्यांची मान किंचित पुढे यायची, आणि घास आत गेला की ते स्वतःशीच "हं" म्हणायचे. नवख्या माणसाला पुढचा घास सुचत नसे. माझी एक मैत्रीण तर अर्ध्या जेवणातून उठली, मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हणाली, "माझ्या तोंडाला काही लागलंय का? तुझे मामा सारखे बघतायत." मी म्हटलं, "नाही गं, तू डोळे मिटतेस का ते बघतायत." ती पुन्हा आमच्याकडे जेवायला आली नाही.

दोष मामांचा नव्हता, नोकरीचा होता. बत्तीस वर्षं ते प्राणिसंग्रहालयातल्या काचघरात काम करत होते. सरडे, बेडूक, कासवं आणि दोन म्हाताऱ्या घोरपडी एवढा त्यांचा संसार. त्यांना खाऊ घालायचं आणि ते खातात कसे ते बघायचं, हे काम. मी बारा वर्षांची असताना आईबाबांची बदली झाली आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला मामा-मामींकडे ठेवलं. पुढे इथल्याच छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली आणि मी राहिले ती राहिलेच. म्हणजे मामांच्या नजरेखाली मी वीस वर्षं जेवले आहे. "तू मगरीसारखी खातेस," ते मला म्हणत. "नुसतं आत टाकायचं. वर पुस्तक वाचायचं." मला राग यायचा. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो.

काचघर बागेच्या अगदी टोकाला होतं. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि ती निवळेपर्यंत नुसतं उभं राहायचं. मग हळूहळू हिरवं दिसायला लागायचं, त्या हिरव्यात पिवळे दिवे, आणि दिव्यांखाली पसरून पडलेली कासवं. छतातल्या नळ्यांतून बारीक फवारा सुटायचा. थेंब पानावरून पानावर उतरत खाली येईपर्यंत तुम्ही कशासाठी आला होता ते विसरायला व्हायचं. शाळेला सुट्टी असली की मी तिथे जायची. एका स्टुलावर बसून राहायची. तिथे सकाळची दुपार कधी झाली ते कधीच कळलं नाही. कुणी हाक मारली तरी आवाज ओल्या कापडातून गाळून आल्यासारखा यायचा.

मामा चिमट्यात नाकतोडा धरून फांदीसमोर उभे राहत. फांदीवर शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा तो सरडा. त्याचा एक डोळा माझ्याकडे, दुसरा छताकडे. मग एक डोळा फिरत फिरत नाकतोड्यावर येऊन थांबे. खूप वेळाने दुसराही येई. दोन्ही डोळे समोर जुळले की मामा कुजबुजत, "आता." सरड्याचं तोंड अगदी सावकाश उघडे, जिभेचं टोक दिसे, आणि त्यानंतर जे होई ते मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नाही. चिमटा रिकामा, आणि सरडा डोळे मिटून चावत बसलेला.

"तो डोळे का मिटतो?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नाकतोड्याचे पाय बघितलेस? करवतीसारखे दाते असतात त्यांना. तोंडात गेला तरी लाथा झाडतो. आणि याचे डोळे बघ, कसे बाहेर आलेत. एक लाथ बसली की कामातून गेला. नेम धरेपर्यंत डोळ्यांचं काम. जीभ सुटली की डोळ्यांनी आत जाऊन बसायचं."

"आणि बेडूक? तो पण मिटतो."

"त्याचं वेगळं. त्याला चावता येत नाही. तो डोळे आत ओढतो ना, ते टाळूतून खाली उतरतात आणि घासाला मागे ढकलतात. डोळ्यांनी गिळतो बेटा."

त्या संध्याकाळी मी उकडलेला बटाटा डोळ्यांनी गिळायचा प्रयत्न केला. मामीने पाठीत धपाटा घातला तेव्हा तो खाली उतरला.

मामा असल्या बातम्या घरी आणत. लोक शेजाऱ्यांच्या आणतात तशा. मत्स्यालयातल्या माणसाकडून त्यांना कळलं की काही शार्कना खालून वर येणारी एक जादा पापणी असते, आणि ज्यांना ती नसते ते चावा घेताना बुबुळच फिरवून आत घेतात. हे त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं आणि वर करूनही दाखवलं. मामी म्हणाली, "पुरे. माझं जेवण व्हायचंय अजून."

काचघरातल्या प्रत्येकाकडे एक वही असायची. तारीख, प्राणी, काय दिलं, किती खाल्लं असे चार रकाने. मामांच्या वहीत पाचवा रकाना होता, त्यांनी स्वतः पट्टीने आखलेला. त्यात ते घासाच्या वेळचे डोळे लिहीत. मिटले, उघडे, अर्धवट. तिथले डॉक्टर सुरुवातीला हसायचे. मग एकदा एका शॅमेलिऑनपुढे मामांनी लिहिलं, "न खाताही मिटले." सरडा खात होता, रंगही बरा होता, कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. पण भर दुपारी दिव्याखाली तो डोळे मिटून बसत होता. डॉक्टरांनी तपासलं तर डोळ्यांत आत पू झालेला. आणखी चार दिवस गेले असते तर सरडा गेला असता. तेव्हापासून डॉक्टर मामांची वही उघडली की आधी शेवटचा रकाना वाचत. मामांचा नियम आम्हाला घरीही पाढ्यासारखा पाठ होता. घास घेताना मिटले तर सगळं ठीक, घास नसताना मिटले तर धावा.

मामीशी त्यांची ओळखही त्यातूनच झाली. मामी सावलीचं कापड आणि ताडपत्री शिवायची. काचघराच्या छताला पडदे घालायचे होते, त्याची मापं घ्यायला ती आली होती. तोंडात चार टाचण्या, गळ्यात टेप आणि तरी अखंड बोलणं. दुपारी ती कासवांजवळच्या बाकावर डबा उघडून बसली आणि तिने एक उकडलेलं अंडं खाल्लं. मामा सांगायचे, "अंडं तोंडात गेलं आणि हिचे डोळे मिटले. मी म्हटलं, संपलं. लग्न करायचं तर हिच्याशी."

"अहो, मिठाचा कण डोळ्यात गेला होता," मामी म्हणायची. "किती वेळा सांगू?"

"मीठ नव्हतंच त्यावर."

हा वाद तीस वर्षं चालला. घरात पाहुणे आले की पुन्हा निघायचा, आणि दोघंही त्यावरून अगदी ताज्या आवेशाने भांडायचे.

मामी बारीक व्हायला लागली ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तिच्या अंगठीवरून. ती शिवताना अंगठी घसरून कापडात पडली आणि आम्ही दोघींनी ती तासभर शोधली. मग मी बघायला लागले. ती पावाच्या कडा काढून ठेवायची. पाव सुपात बुडवून अगदी लगदा करून खायची. घासामागे घोटभर पाणी. आणि गप्प. झोपेतसुद्धा बोलणारी ही बाई जेवताना गप्प बसायला लागली होती.

"काय होतंय तुला?" मी विचारलं.

"काही नाही. वयाप्रमाणे भूक कमी होते."

"मग डॉक्टरकडे जाऊ."

"भूक आणायला? त्यांच्याकडे काय, भूक मिळते?"

मी मामांना सांगितलं. ते माझ्याकडे बघून इतके गोड हसले की मला पुढे बोलवेना. "अगं, बघत नाहीस का तिला?" ते म्हणाले. "प्रत्येक घासाला मिटते. इतकी रंगून जेवताना मी तिला कधी बघितली नव्हती." आणि खरंच, मामी घासाला डोळे मिटत होती. घट्ट मिटत होती. मामा समोर बसून सफरचंदाची सालं काढायचे, पातळ फोडी करायचे, एकेक तिच्या हातात द्यायचे. ती खायची, डोळे मिटायची. मामांचा चेहरा असा उजळायचा की सांगता सोय नाही. ते घरी असले की मामी जास्त खायची. हे मला दिसत होतं आणि मला वाटलं, चला, निदान त्यांच्यासमोर तरी जेवते.

एकदा मात्र मी चिडले. "मामी सरडा नाहीये," मी म्हटलं.

"सरडा असती तर तिचाही रकाना भरला असता," मामा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

मी तिथेच थांबले. आता वाटतं, थांबायला नको होतं. पण वीस वर्षं मी त्या माणसाची नजर खरी ठरताना बघितली होती. डॉक्टर ज्यांच्या वहीवर विसंबून राहतात, त्यांना स्वतःच्या बायकोचं कळत नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढचं मला मामांनी नंतर सांगितलं. काचघरात एक मोठा बेडूक होता, वाटीएवढं तोंड असलेला. त्या दिवशी मामांनी त्याला उंदीर दिला तो जरा मोठाच होता. अंदाज चुकला. बेडकाने झडप घातली, अर्धा उंदीर आत गेला आणि अडला. बेडकाचे डोळे आत गेले. वर आले. पुन्हा गेले. पुन्हा वर आले. मामा टाकीपाशी उकिडवे बसून मोजत होते. काचेवरून फवाऱ्याचं पाणी ओघळत होतं, त्यामागे बेडूक विरघळल्यासारखा दिसे, पुन्हा नीट दिसे. अकराव्या वेळी उंदीर खाली उतरला. मामांनी वही उघडली, शेवटच्या रकान्यात "मिटले" लिहायला पेन टेकवलं, आणि त्यांच्या हातून अक्षर उमटेना.

सकाळीच त्यांनी मामीला सुपातला पाव खाताना बघितलं होतं. डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. मान पुढे. डावा हात टेबलाच्या कडेला घट्ट. एका घासाला चार वेळा. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यातलं पहिलं मिटणं तेवढं त्यांनी घेतलं होतं आणि बाकीचं सोडून दिलं होतं.

वही टाकीच्या झाकणावर तशीच टाकून ते निघाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला न सांगता.

मला सर्दी झाली होती म्हणून मी घरी होते. दार उघडलं तर मामा रबरी बुटांतच आत शिरले, एप्रनसकट. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओल्या पावलांची रांग. मामी टेबलाशी सुपाची वाटी घेऊन बसली होती. एकटी असताना ती किती हळू खाते ते मी त्या दिवशीच बघितलं. वाटी जवळजवळ भरलेलीच होती आणि सुपावर साय धरली होती.

"अहो, आत्ता कसे? ड्यूटी?"

मामा समोर बसले. "एक घास घे."

"काय झालं काय?"

"घे तू."

तिने चमचा उचलला. घास घेतला. डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही नीट दिसत नाही.

"गिळताना दुखतं का गं तुला?"

मामीने चमचा वाटीत ठेवला. 

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

अकरा महिने. मी मनातल्या मनात मोजले. मामांनीही मोजले असणार.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होऊन बघत होता," मामी म्हणाली. "मला वाटलं, होईल बरं. तोवर कशाला."

म्हणजे ती सगळी सफरचंदं. त्या पातळ फोडी, एकेक. ती त्यांच्यासमोर जास्त जेवत होती ते त्यांचा चेहरा उजळावा म्हणून, आणि प्रत्येक फोड तिला आतून कापत जात होती. मला मामांचा भयंकर राग आला, मग माझा आला, मग मामीचाही आला.

"मी ज्यांना खाऊ घालतो," मामा म्हणाले, "त्यांना विचारता येत नाही. म्हणून बघतो. तुला तर विचारता येत होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघितलं. अन्ननलिका एका जागी इतकी आवळली होती की नळी पुढे जाईना. तिथला एक तुकडा तपासायला काढला. डॉक्टर बाईंनी स्पष्टच सांगितलं, रिपोर्ट वाईट आला तर मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतर तोंडाने खाता येईलच असं नाही. पोटाला नळी लावावी लागेल. रिपोर्टला आठ दिवस.

ते आठ दिवस आमच्या घरात काचघरातली हवा येऊन राहिली होती. सगळं संथ, जरा धूसर. मामी काळा चहासुद्धा चमच्याने घ्यायची. ती शिवायला बसायची आणि मशीन न चालवता कापडावरून हात फिरवत राहायची. मामा कामावर जात, वेळेवर परत येत. जेवताना ते खुर्ची खिडकीकडे फिरवून बसू लागले. रस्ता, दिव्याचा खांब, समोरच्या घराचा जिना यांच्याकडे बघत जेवायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर निवांत जेवू शकत होते, आणि मला एक घास गोड लागत नव्हता. तिकडे काचघरातल्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं म्हणे, "मामा, शेवटचा रकाना रिकामा का?" मामा म्हणाले, "साहेब, मी बघतो त्यावर माझाच भरवसा राहिला नाही."

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन आतून जखमा झाल्या होत्या, त्या भरताना नलिका आक्रसत गेली होती. ती थोडी थोडी रुंद करायची, दीड महिन्यात तीन वेळा. "आणखी उशीर केला असता तर पाणीसुद्धा उतरलं नसतं," डॉक्टर बाई म्हणाल्या. मामी लगेच त्यांना विचारायला लागली की खिडकीला पडदा इतका आखूड कुणी शिवला. मामा बाहेर बाकावर जाऊन बसले. मी त्यांना तसंच बसू दिलं.

तिसऱ्या खेपेनंतर चार दिवसांनी तिला पाव खायची परवानगी मिळाली. कडेसकट नाही, मधला मऊ भाग. सकाळची वेळ होती. मी पाव भाजला, कडा काढल्या, थोडं लोणी लावलं. मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "इकडे फिरा," मामी म्हणाली. "एवढं करून मी पाठीला जेवून दाखवायचं का?"

त्यांनी खुर्ची फिरवली. पण बघितलं नाही, हातांकडे बघत बसले.

मामीने घास घेतला. चावला, खूप वेळ चावला, आणि डोळे मिटून गिळला.

मामांनी मान वर केली. तीन महिन्यांपूर्वी हेच मिटलेले डोळे बघून ते हरखून गेले असते. आता त्यांच्या तोंडावर फक्त भीती होती.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

मामीने डोळे उघडले. ती "नाही" म्हणणार होती. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मी बघितला. अकरा महिने तिने त्यांना बरं वाटेल तेच दाखवलं होतं.

"हो," ती म्हणाली. "थोडं दुखलं."

मामा रडायला लागले. हातांनी तोंड न झाकता, सरळ तिच्याकडे बघत. मामीने त्यांना रडू दिलं. मग तिने पावाचा आणखी एक तुकडा तोडला, पहिल्यापेक्षा लहान, आणि तोंडात घातला.